गाळून उरलेल्या सोमलाचे काय?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये भूजलातील आर्सेनिकसारखे जड धातू काढून टाकण्याची एक त्रिस्तरीय पद्धत जाहीर केली. संस्थेच्या शाश्वत तंत्रज्ञान केंद्रातील प्राध्यापिका याज्ञसेनी रॉय यांच्या गटाचे हे काम. पहिल्या टप्प्यात एक विघटनशील अधिशोषक, दुसऱ्यात पटल-गाळण आणि तिसऱ्यात चक्क गाईचे शेण! शेण आले म्हणून ही बातमी चटकन लक्षात राहते. काहींना तिचे कौतुक वाटते, तर काहींना हसू येते. तिचे खरे महत्त्व मात्र अन्यत्र आहे. पाण्यातून काढलेल्या विषाचे पुढे काय करायचे, हा जलशुद्धीकरणातील सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न या संशोधनाने आरंभीच विचारात घेतला आहे.

मराठीत आर्सेनिकाला जुना शब्द आहे सोमल. आजीबाईच्या गोष्टींतून आणि जुन्या कादंबऱ्यांतून तो विषप्रयोगाच्या संदर्भात भेटतो. गोष्टीतला सोमल कोणीतरी दुधात कालवलेला असतो. भूजलातला सोमल कोणीच कालवलेला नसतो. तो खडकांतून आणि गाळांतून सावकाश पाण्यात उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतातील २१ राज्यांच्या ११३ जिल्ह्यांत भूजलातील आर्सेनिकाचे प्रमाण लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर आढळल्याची नोंद आहे. पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये हा प्रकार उजेडात आला तो एका त्वचारोगतज्ज्ञामुळे. डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे हातापायांवर काळे डाग आणि खरखरीत गाठी घेऊन खेड्यांतील रुग्ण येऊ लागले होते, आणि त्या साऱ्यांचा धागा कूपनलिकेच्या पाण्यापर्यंत पोहोचला. कर्नाटकातही हे संकट परके नाही. यादगीर जिल्ह्यातील मंगळूर परिसरात, जुन्या सोन्याच्या खाणीच्या आसमंतात, तांड्यावरच्या लोकांच्या त्वचेवर तशाच खुणा संशोधकांना आढळल्या. सोलापूरहून निघालेला माणूस अर्ध्या दिवसात पोहोचेल इतके ते ठिकाण जवळ आहे.

जड धातूंचा प्रश्न इतर प्रदूषणापेक्षा निराळा का, हे नीट समजून घेतले पाहिजे. घरातील सांडपाण्यात मुख्यतः सेंद्रिय द्रव्ये असतात. त्यांचे रेणू मोठे, गुंतागुंतीचे आणि मोडता येण्याजोगे असतात. जिवाणूंना ऑक्सिजन मिळाला की ते हे रेणू खातात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. घाण तेथे खरोखरच नाहीशी होते. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम यांचे तसे नसते. हे मूलद्रव्यांचे अणू होत. कोणताही जिवाणू, कोणतेही रसायन, कोणतीही भट्टी शिशाच्या अणूला शिशाव्यतिरिक्त दुसरे काही बनवू शकत नाही; त्यासाठी अणुगर्भालाच हात घालावा लागेल. म्हणून धातूंच्या बाबतीत ‘शुद्धीकरण’ याचा अर्थ केवळ स्थलांतर असा असतो. पाण्यातून काढलेला प्रत्येक ग्रॅम धातू दुसऱ्या कोणत्यातरी जागी ठेवावाच लागतो. ती जागा कोणती, हे सांगितल्याशिवाय शुद्धीकरणाचा हिशेब पुरा होत नाही.

हा हिशेब पाहण्यासाठी बंगळुरूतच एक नदी आहे. मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वराचे देऊळ मराठी माणसाच्या ओळखीचे असावे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी या देवस्थानाला एक गाव दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख त्या परिसरात आहे. देवळासमोरच्या नंदीतीर्थात नंदीच्या मुखातून पडणारी धार आजही पाहायला मिळते. वृषभावती नदीचा एक उगम याच भागात मानतात. दुसरी परंपरा तो बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या पायाशी सांगते. दोन्ही कथांत नंदी आहे आणि नदीच्या नावात वृषभ आहे. तथापि, मैसूर रस्त्यालगत आज जो काळा प्रवाह दिसतो त्याला अनेक बंगळुरूकर नाला म्हणूनच ओळखतात. शहर कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून डोंगरमाथ्यावर आणते. त्यातील काही भाग सांडपाणी होऊन वृषभावतीतून केंगेरी, बिडदीकडे उतरतो, बैरमंगलच्या तलावात थबकतो, पुढे अर्कावतीला मिळतो आणि अखेर संगमावर कावेरीतच परततो.

या नदीच्या वरच्या अंगाला पीण्या ही औद्योगिक वसाहत आहे. सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या या वसाहतीत हजारो लहानमोठे कारखाने आहेत आणि त्यांत मुलामा देणारे कारखाने पुष्कळ. लोखंडी सुटा भाग गंजू नये, चकचकीत दिसावा, घासला जाऊन झिजू नये म्हणून त्यावर जस्त, निकेल किंवा क्रोमियमचा पातळ थर चढवतात. सुटा भाग आम्लात साफ होतो, मुलाम्याच्या टाकीत बुडतो, बाहेर येतो आणि पाण्यात धुतला जातो. टाकीतून निघताना त्याच्या अंगाला जे द्रावण चिकटून येते, ते धुण्याच्या पाण्यात उतरते. क्रोमियमच्या टाकीतले हे पाणी पिवळसर दिसते. त्यात क्रोमियम सहा संयुजेच्या रूपात असते; हे रूप पाण्यात सहज विरघळते, मातीतून सहज सरकते आणि कर्करोगकारक म्हणून ओळखले जाते. पीण्याच्या भूजलात ते सापडल्याची नोंद शासकीय सर्वेक्षणांत झालेली आहे. एकेका कारखान्याचा आकार पाहिला तर एखाद्या मोठ्या खोलीएवढा. मालक, चार कामगार आणि सहा टाक्या. मोटार, विमान, यंत्र, नळ यांपैकी असे काय आहे की ज्याचा एखादा तरी भाग अशा खोलीतून गेलेला नाही?

अशा पाण्यावरची रूढ प्रक्रिया रसायनशास्त्राच्या दृष्टीने सुबक आहे. पाणी आम्लधर्मी करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेचे होते आणि पिवळे पाणी हिरवट दिसू लागते. मग चुन्याची निवळी घालून पाणी अल्कधर्मी केले की क्रोमियमचे हायड्रॉक्साइड साका होऊन तळाशी बसते. वरचे पाणी सोडून देता येते. साका मात्र घातक कचरा ठरतो आणि तो सुरक्षित भूमीत पुरण्यासाठी पैसे देऊन पाठवावा लागतो. नियमाने वागणाऱ्या कारखान्याला येथे खर्च येतो, न वागणाऱ्याचा तो वाचतो. रात्रीच्या पावसात उघड्यावर टाकलेला साका पुन्हा पाण्यात उतरला की सारी प्रक्रिया केवळ उशीर ठरते. धातू काही तास टाकीत थांबला आणि मग आपल्या वाटेने गेला, एवढेच.

आता पटलाकडे वळू. गाळणे ही कृती माणसाला फार जुन्या काळापासून अवगत आहे. घड्याच्या तोंडाला बांधलेले दुहेरी फडके, पाण्यात फिरवलेली तुरटी, घासलेली निवळीची बी यांनी पिढ्यान् पिढ्यांचे पाणी स्वच्छ केले. जुन्या साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळल्यास पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, असे बांगलादेशातील खेड्यांत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पटकीचा जिवाणू खरे तर त्या विणीतून निसटण्याइतका लहान. पण तो ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो ते साडीत अडकतात. गाळण्याचे सारे शास्त्र या उदाहरणात आले आहे: छिद्र केवढे आहे, आणि पकडायची वस्तू कशाला चिकटली आहे.

विरघळलेल्या धातूसाठी मात्र साडी उपयोगाची नाही. धातूचा आयन भोवताली पाण्याचे रेणू गुंडाळून हिंडतो. या वेष्टणासकट त्याचा व्यास एक नॅनोमीटरच्या आत भरतो. केसाच्या जाडीत असे ऐंशी हजार आयन ओळीने मावतील. जिवाणू अडवणाऱ्या सूक्ष्म गाळणीची छिद्रे याहून शेकडो पटींनी मोठी. म्हणून येथे नॅनोगाळण किंवा व्युत्क्रमी परासरण, म्हणजे घरोघरी पोहोचलेले ‘आरओ’, वापरावे लागते. परासरण प्रथम नोंदवले ते फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ नोले यांनी १७४८ मध्ये, डुकराच्या मूत्राशयाचे पटल वापरून. त्याला उलट दिशेने वाकवणारे व्यवहार्य पटल १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी घडवले. त्यांच्या पटलाची गंमत अशी की, त्याची गाळणारी त्वचा अतिशय पातळ होती आणि तिच्या पाठीशी सच्छिद्र आधार होता. पातळ त्वचेमुळे पाणी पुरेशा वेगाने झिरपू लागले आणि प्रयोगशाळेतले कुतूहल यंत्र झाले. १९६५ मध्ये कोलिंगा या गावी त्यावर पिण्याचे पाणी तयार होऊ लागले.

नॅनोगाळणीत छिद्रांइतकेच महत्त्व विद्युतभाराला असते. बहुतेक पटलांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. पाण्यातला ऋणभारित आयन तेथे पोहोचला की त्याला दूर लोटले जाते. त्याच्यावर दोन किंवा तीन ऋणभार असतील तर अधिकच जोराने. क्रोमेट असाच अडतो. आर्सेनिक मात्र येथे आपले सोमलपण दाखवते. ऑक्सिजनाचा स्पर्श नसलेल्या खोल भूजलात ते बहुधा तीन संयुजेच्या रूपात असते आणि साधारण पाण्यात त्या रेणूवर कोणताच भार नसतो. भार नाही म्हणून पटल त्याला लोटत नाही, आणि आकार लहान म्हणून छिद्र त्याला पुरते अडवत नाही. ते साध्या पाहुण्यासारखे आत येते. म्हणूनच गाळण्यापूर्वी त्याचे ऑक्सिडीकरण करून त्याला पाच संयुजेच्या, भारित रूपात आणणे आवश्यक ठरते. ‘आमच्या यंत्राने सर्व काही निघते’ असे सांगणाऱ्या जाहिरातीत हा तपशील सहसा नसतो.

पटलाची खरी मर्यादा याहूनही साधी आहे. समजा, १००० लिटर पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम धातू आहे. पटलातून ७५० लिटर स्वच्छ पाणी मिळाले, तर उरलेल्या २५० लिटरांत जवळजवळ सगळा धातू आहे आणि त्याचे प्रमाण आता ०.४ मिलिग्रॅम झाले आहे. स्वच्छ पाण्याचा पेला दाखवून टाळ्या मिळतात. हे २५० लिटर मात्र कोणी दाखवत नाही. ते पुन्हा पटलातून काढावे तर द्रावण घट्ट होत जाते, परासरणदाब वाढतो, पंपाची वीज वाढते आणि कॅल्शियमचे क्षार व सिलिका पटलावर पापुद्र्यासारखे बसू लागतात. समुद्राच्या पाण्याचा परासरणदाब सुमारे २७ वातावरण असतो. त्यातून गोडे पाणी पिळून काढण्यासाठी यंत्रे याच्या दुपटीहून अधिक दाब लावतात. थोडक्यात, पिळण्याला अंत आहे आणि पिळून उरलेल्या विषाला जागा हवीच आहे.

बंगळुरूच्या त्रिस्तरीय पद्धतीचे मोल आता स्पष्ट व्हावे. पहिल्या टप्प्यात पाणी कायटोसानच्या थरातून जाते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या या पदार्थावर लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे चढवलेली असतात. आर्सेनिक विद्युत-आकर्षणाने त्यांना चिकटते आणि पिण्यायोग्य पाणी पुढे जाते. थर भरला की तो फेकून न देता सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने धुतात, म्हणजे तो पुन्हा वापरता येतो. या धुण्यात आर्सेनिक उतरते. येथे दुसरा टप्पा, पटलाचा. तीव्र अल्कधर्मी द्रावणात आर्सेनेटवर अनेक ऋणभार असतात, हायड्रॉक्साइडवर एकच. भाराच्या आणि आकाराच्या या फरकावर दोहोंना वेगळे करणे भौतिकीला शक्य आहे. हायड्रॉक्साइड परत वापरात येते, आर्सेनिक थोड्या द्रवात एकवटते. पटल येथे हजारो लिटर पाणी गाळत बसत नाही. ते फक्त थोडेसे धुणे गाळते. त्याला त्याच्या ताकदीचे काम दिलेले आहे.

तिसऱ्या टप्प्यात हा एकवटलेला द्रव शेणात मिसळतात. शेणातील सूक्ष्मजीव असेंद्रिय आर्सेनिकाला मिथिल गट जोडून सेंद्रिय रूपात आणतात. आठव्या दिवसापर्यंत असेंद्रिय आर्सेनिकाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेखाली गेल्याचे या गटाला आढळले. सेंद्रिय रूपे सरासरीने सुमारे ५० पट कमी विषारी असल्याने उरलेला गाळ भूमीत पुरता येईल, अशी त्यांची मांडणी आहे. येथेही अणू नाहीसा झालेला नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याचे रासायनिक वेष बदलले आहेत. बिहारमधील भागलपूर आणि कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर यांसारख्या ग्रस्त ग्रामीण भागांत ही यंत्रणा नेण्यासाठी इनरेम फाउंडेशन आणि अर्थवॉच या संस्थांबरोबर काम सुरू असल्याचे संशोधकांनी सांगितले.

चांगल्या संशोधनाला चांगले प्रश्न विचारणे हा त्याचा सन्मानच होय. मिथिलयुक्त आर्सेनिकाची सगळी रूपे सौम्य नसतात. तीन संयुजेची काही रूपे असेंद्रिय आर्सेनिकाहूनही विषारी असल्याचे विषशास्त्रात ज्ञात आहे. म्हणून सरासरीवर समाधान न मानता गाळात नेमकी कोणती रूपे किती आहेत, आणि पाच पावसाळ्यांनंतर ती काय होतात, हे मोजत राहावे लागेल. खेड्यातल्या विहिरीच्या पाण्यात फॉस्फेट असते, सिलिका असते. ती आर्सेनिकाची जागा बळकावतात. थर धुण्याचा दिवस कोणी ठरवायचा, हायड्रॉक्साइड कोणी हाताळायचे, हेही प्रश्न रसायनाइतकेच खरे आहेत. देशात कित्येक गावांतील शुद्धीकरणयंत्रे उद्घाटनानंतर काही महिन्यांत बंद पडली ती विज्ञान चुकल्यामुळे नव्हे. थर बदलायला कोणी आलेच नाही.

यापुढचा मुद्दा निव्वळ अंकगणिताचा आहे आणि तो वृषभावतीला लागू पडतो. मुलाम्याच्या धुण्याच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्रोमियम असेल, तर एक ग्रॅम क्रोमियम १० लिटरांत सापडते. तेच नाल्यात मिसळून लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम झाले, तर एका ग्रॅमसाठी १०,००० लिटर पाणी हाताळावे लागते. प्रमाण लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम झाले की १,००,००० लिटर. धातू तेवढाच आहे, त्याचा पाठलाग दहा हजार पटींनी लांबला आहे. म्हणून जड धातूंसाठी पटलाची योग्य जागा नदीकाठी नाही, मुलाम्याच्या टाकीशेजारी आहे. एकाऐवजी तीन टाक्यांत क्रमाने, पाण्याच्या उलट दिशेने सुटे भाग धुतले तर धुण्याचे पाणी कमी लागते आणि घट्ट होते. त्यातून पटलाने वेगळे केलेले निकेल पुन्हा मुलाम्याच्या टाकीत घालता येते. तेव्हा तो कचरा राहत नाही, कच्चा माल होतो. चार कामगारांच्या कारखान्याला ही गुंतवणूक एकट्याने परवडणारी नसते, हेही तितकेच खरे. दंडाच्या नोटिशीबरोबर सामायिक सोय आणि सुलभ कर्ज पोहोचले तरच नियम जमिनीवर उतरतो.

तसे न झाल्यास धातूला जागा देण्याचे काम शेवटी शेतकऱ्यावर येते. बैरमंगलच्या पाण्यावर भाजीपाला, चारा आणि तुती पिकते. त्या पाण्यात नत्र-स्फुरद मुबलक असल्याने पीक हिरवेगार दिसते. बाजारातल्या पालेभाजीच्या जुडीवर कोठेही वृषभावतीचे नाव नसते, आणि ती विकत घेणारे घर बहुधा त्याच शहरात असते जेथून ते पाणी निघाले. दुसरीकडे, कोलार या दुष्काळी जिल्ह्याचे तलाव भरण्यासाठी २०१८ पासून कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी पाठवले जात आहे. योजनेची क्षमता दररोज ४४ कोटी लिटर. तेथील कोरड्या विहिरींना त्याने पाणी दिले, हे मोठे काम आहे. परंतु जिवाणूंवर आधारलेली द्वितीय स्तरावरील प्रक्रिया धातूंसाठी रचलेली नसते. त्यातील बराच धातू गाळात जातो, उरलेला पाण्याबरोबर. असे पाणी जमिनीत मुरवायचे तर धातूंचे नियमित मापन आणि त्याचे आकडे लोकांसमोर ठेवणे हा त्या योजनेचाच भाग मानला पाहिजे. एकदा भूजलात उतरलेला धातू परत काढायला काय लागते, ते याच शहरातल्या प्रयोगशाळेने दाखवून दिले आहे.

महाराष्ट्रातही जेथे यंत्रांचे सुटे भाग बनतात तेथे मुलाम्याच्या टाक्या आहेतच. पिंपरी-चिंचवड असो वा नाशिक, धुण्याचे पाणी तेच आणि अंकगणितही तेच. तेव्हा ‘नवे पटल’, ‘नवे गाळण’, ‘९९ टक्के शुद्ध’ अशी बातमी वाचनात आली की वाचकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. काढलेला धातू कोठे ठेवला? त्याच्यावर पुढची दहा वर्षे कोण लक्ष ठेवणार? आणि तो पाण्यात मिसळण्यापूर्वीच अडवता आला नसता का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेने प्रामाणिकपणे आरंभ केला आहे. दुसऱ्याचे उत्तर ग्रामपंचायतींना आणि नियंत्रण मंडळांना द्यायचे आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र अवघड विज्ञानाची वाट पाहत थांबलेले नाही. ते पीण्यातल्या एखाद्या खोलीत, पिवळ्या पाण्याच्या टाकीपाशी, आजही देता येण्याजोगे आहे.